अण्वस्त्रांवर पहारा ठेवणारी माणसे कशी घडतात

अण्वस्त्रांविषयीच्या वाटाघाटींना बसणाऱ्याला तीन गोष्टी एकदमच कळाव्या लागतात: अणुभट्टीत काय घडते, करारातल्या कलमाचा अर्थ काय लागतो आणि समोरचा देश एखाद्या शब्दावर का अडून बसला आहे. हे तिन्ही शिकवणारी एकच पदवी बहुतेक विद्यापीठांत मिळत नाही. पदार्थविज्ञानाच्या पदवीधराला किरणोत्सार कळतो, पण मसुदा कसा लिहितात हे त्याला ठाऊक नसते. परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला मसुदा कळतो, पण प्लुटोनियम कुठून येते हे त्याने कधी पाहिलेले नसते. ही दरी भरून काढण्यासाठी गेल्या चार-पाच दशकांत खास शिक्षणव्यवस्था उभी राहिली आहे. ती काही विद्यापीठांत, काही आंतरराष्ट्रीय संस्थांत आणि काही अंशी चक्क बॉम्ब तयार करणाऱ्या प्रयोगशाळांत चालते.

गरज कशी निर्माण झाली

सुरुवातीच्या काळात हे काम वेगळे शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांनी बॉम्ब बनवला त्यांच्यातलेच काही शास्त्रज्ञ त्याला आवर कसा घालायचा याविषयी बोलत होते. १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश या छोट्या गावी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांतले शास्त्रज्ञ एकत्र बसले, ते याच भावनेतून. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय व्हिएन्नात आले. नव्या माणसाने शिकायचे ते वरिष्ठाच्या शेजारी बसून.

अण्वस्त्र प्रसारबंदी करार १ जुलै १९६८ रोजी स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० रोजी अंमलात आला. तेव्हापासून चित्र पालटले. या कराराने जगाची दोन भागांत विभागणी केली. १ जानेवारी १९६७ पूर्वी अण्वस्त्राचा स्फोट केलेले देश अण्वस्त्रधारी ठरले आणि करारात आलेल्या उरलेल्यांनी अण्वस्त्रे बनवणार नाही असे वचन दिले. हे वचन पाळले जाते की नाही ते तपासण्याचे काम आयएईएकडे आले. आज १९१ देश या करारात आहेत. इतक्या देशांच्या अणुकार्यक्रमांचा हिशेब ठेवायचा आणि दर पाच वर्षांनी आढावा परिषद भरवायची, तर चार-दोन नामवंत शास्त्रज्ञांवर भागणारे नव्हते. या कामाचा एक पेशा तयार झाला आणि पेशा म्हटला की शिक्षण आलेच.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांची अडचण वेगळी होती. जिनिव्हा आणि न्यूयॉर्कच्या बैठकांना त्यांना खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीवर बसवण्याजोगा जाणकार अधिकारी अनेकांकडे नव्हता. १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे निःशस्त्रीकरणावरचे पहिले विशेष अधिवेशन झाले. त्यात नायजेरियाच्या पुढाकाराने निःशस्त्रीकरण फेलोशिपचा निर्णय झाला आणि पुढच्या वर्षापासून ती सुरू झाली. दरवर्षी साधारण पंचवीस तरुण अधिकारी निवडले जातात. जिनिव्हातली निःशस्त्रीकरण परिषद, व्हिएन्नातल्या संस्था, न्यूयॉर्कमधली आमसभेची समिती अशी त्यांची फिरती शाळा भरते. हिरोशिमा आणि नागासाकी यांची भेटही या कार्यक्रमाचा जुना भाग आहे. आतापर्यंत हजाराहून अधिक अधिकारी या फेलोशिपमधून तयार झाले आहेत.

विद्यापीठाच्या पातळीवरचा सर्वांत ठळक प्रयोग कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे या किनाऱ्यावरच्या शहरात झाला. विल्यम पॉटर या अभ्यासकाने १९८९ मध्ये तिथे अण्वस्त्रप्रसारबंदीच्या अभ्यासाचे केंद्र काढले. पुढे ते जेम्स मार्टिन केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. दोनच वर्षांत सोव्हिएत संघ कोसळला. युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान या नव्या देशांच्या भूमीवर अण्वस्त्रे उरली, पण तो विषय आजवर मॉस्कोत हाताळला जात असल्यामुळे त्यांच्या नव्या परराष्ट्र मंत्रालयांत त्याची जाण असणारी माणसे मोजकीच होती. या भागातले तरुण अधिकारी आणि संशोधक मॉन्टेरेला येऊन शिकून गेले. १९९४ च्या अखेरपर्यंत हे तिन्ही देश अण्वस्त्ररहित देश म्हणून प्रसारबंदी करारात सामील झाले होते.

किलो आणि ग्रॅमचा हिशेब

या अभ्यासात विज्ञान लागते ते हिशेब तपासण्यापुरते. बॉम्ब कसा बनवतात हे शिकवायचे नसते. कोणत्या वाटांनी तो बनू शकतो आणि त्या वाटांवर कोणत्या खुणा मागे राहतात, हे शिकवायचे असते. मुख्य वाटा दोन आहेत. युरेनियमचे संवर्धन ही एक, तर अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणे, म्हणजे पुनर्प्रक्रिया, ही दुसरी.

विद्यार्थ्याला लवकरच दोन आकडे पाठ होतात. आयएईएच्या व्याख्येनुसार ८ किलो प्लुटोनियम, किंवा अतिसंवर्धित युरेनियममधले २५ किलो युरेनियम-२३५, ही ‘लक्षणीय मात्रा’ आहे. एवढा माल नाहीसा झाला तर त्यातून एक बॉम्ब बनण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्लुटोनियम इतके जड असते की ८ किलोचा गोळा अर्ध्या लिटरच्या भांड्यातही सहज मावेल. दुसरीकडे, मोठ्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात हाच पदार्थ टनांच्या हिशेबाने हाताळला जातो. वर्षाला ८ टन प्लुटोनियम वेगळे करणाऱ्या कारखान्यात मोजमापात एक टक्का चूक झाली तर ती ८० किलोंची, म्हणजे दहा लक्षणीय मात्रांची होते. वहीतली शिल्लक आणि प्रत्यक्षातली शिल्लक यांत फरक दिसला तर तो मोजण्यातला दोष की चोरी, हे ठरवण्यासाठी संख्याशास्त्र लागते. त्यामुळे या शाखेत सांख्यिकी हा विषय टाळता येत नाही.

हा हिशेब किती बोलका असतो हे उत्तर कोरियाच्या प्रकरणात दिसले. १९९२ मध्ये त्या देशाने आयएईएला सांगितले की आपण एकदाच, १९९० मध्ये, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे काढले. निरीक्षकांनी तिथून नमुने आणले. प्लुटोनियमचा एक समस्थानिक हळूहळू क्षय पावून त्याचे अमेरिसियम होते. प्लुटोनियम शुद्ध केल्या दिवशी हे घड्याळ शून्यावर येते आणि पुन्हा चालू लागते. नमुन्यांतले अमेरिसियम मोजले तेव्हा एकच घड्याळ दिसायला हवे होते, पण वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळे दिसली. याचा अर्थ प्लुटोनियम एकदा नव्हे, १९८९ ते १९९१ या काळात अनेकदा वेगळे काढले गेले होते. आयएईएने दोन जागांची विशेष तपासणी मागितली आणि मार्च १९९३ मध्ये उत्तर कोरियाने करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली. हे प्रकरण आज अभ्यासक्रमात हमखास असते. प्रयोगशाळेतला एक आकडा काही महिन्यांत राजनैतिक पेचप्रसंग कसा होतो, हे त्यातून शिकता येते.

निरीक्षकाची तालीम

आयएईएचे निरीक्षक बहुधा पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकलेले असतात. नोकरीवर रुजू झाल्यावर त्यांना काही महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते आणि शेवटी प्रत्यक्ष अणुकेंद्रात सराव-तपासणी होते. किरणोत्सारी पदार्थ न फोडता, न उघडता बाहेरूनच मोजण्याचे कौशल्य ते अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत शिकतात. १९८० पासून ही प्रथा चालू आहे. पहिला अणुबॉम्ब जिथे घडवला गेला तिथेच बॉम्ब घडू नये म्हणून पहारा ठेवणाऱ्यांचा वर्ग भरतो, कारण मोजण्याच्या सरावाला खरे प्लुटोनियम आणि युरेनियम लागते आणि ते अशाच ठिकाणी असते.

निरीक्षकाच्या कामातली बरीच साधने दिसायला साधी असतात. धातूचे सील हे त्यातले एक. बाटलीच्या बुचापेक्षा थोडे मोठे असलेले हे सील कॅमेऱ्याच्या पेटीला किंवा इंधनाच्या डब्याला तारेने लावतात. लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूवर ओरखडे आणि डाग पाडून त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो. काही महिन्यांनी ते सील काढून व्हिएन्नाला नेतात आणि आतली नक्षी जुन्या फोटोशी ताडून पाहतात. हुबेहूब तसे दुसरे सील बनवणे जवळपास अशक्य असते.

दुसरे साधन म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद सुती कापडाचा तुकडा. निरीक्षक हातमोजे घालून त्याने भिंत, पाइप, टेबल पुसतो आणि तो तुकडा पिशवीत बंद करतो. व्हिएन्नाजवळच्या झायबर्सडॉर्फ इथल्या प्रयोगशाळेत त्यातला युरेनियमचा डोळ्यांना न दिसणारा कणही तपासता येतो आणि तो किती संवर्धित आहे हे कळते. इतर देशांतल्या प्रयोगशाळांकडे नमुने पाठवताना त्यांवर केवळ सांकेतिक क्रमांक असतो, देशाचे नाव नसते. हातमोजे बदलायला विसरले तर एका खोलीतला कण दुसऱ्या खोलीत जातो आणि निर्दोष देशावर संशय येऊ शकतो. म्हणून पुसण्याच्या या साध्या कामाचीही पुन्हा पुन्हा तालीम करून घेतली जाते.

वापरलेले इंधन पाण्याच्या खोल टाकीत ठेवतात. तिथे निळसर प्रकाश दिसतो, त्याला चेरेन्कॉव्ह प्रकाश म्हणतात. हा प्रकाश खऱ्या इंधनाचा आहे की शेजारच्या इंधनाच्या उजेडात नकली जुडगा उजळला आहे, हे निरीक्षकाने खास कॅमेऱ्यातून, नेमके वरून पाहून ओळखायचे असते. तारापूरचे पहिले दोन संच १९७१ च्या भारत, अमेरिका आणि आयएईए यांच्यातल्या करारामुळे या तपासणीखाली आले. पालघर जिल्ह्यातल्या त्या केंद्रावर येणारे निरीक्षक याच तालमीतून गेलेले असतात.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकचा छुपा अणुकार्यक्रम उघडकीस आला तेव्हा तपासणीची जुनी पद्धत अपुरी पडल्याचे स्पष्ट झाले. निरीक्षक देशाने दाखवलेल्या जागा नीट तपासत होते, पण न दाखवलेल्या जागांचे काय? १९९७ मध्ये ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ हा पूरक करार आला आणि त्यासोबत प्रशिक्षणही बदलले. निरीक्षकाने आता जमाखर्चाबरोबर विसंगती हेरायला शिकायचे असते. एखाद्या इमारतीला तिच्या कामाच्या मानाने जास्त वीज का लागते, कारखान्याने मागवलेले पोलाद कशासाठी, असे प्रश्न त्याला पडावे लागतात.

कंसातले शब्द

राजनैतिक बाजूचे शिक्षण बरेचसे नाटकासारखे चालते. मॉन्टेरेला विद्यार्थ्यांना एकेका देशाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख करून प्रसारबंदी कराराची आढावा परिषद वर्गात भरवण्याची परंपरा आहे. कामकाज खऱ्या परिषदेच्या नियमांनी चालते. आपल्याला पटत नसलेली भूमिकाही इराण, इजिप्त किंवा फ्रान्सच्या वतीने ठामपणे मांडावी लागते. त्यातूनच विद्यार्थ्याला कळते की समोरच्याचा हट्ट अनेकदा हट्ट नसतो. त्याच्यामागे राजधानीहून आलेली सूचना असते, जुना अपमान असतो किंवा शेजाऱ्याची भीती असते.

मसुद्याचे काम सर्वांत चिवट. ज्या शब्दांवर एकमत झालेले नसते ते चौकोनी कंसात टाकतात. सुरुवातीला पानेच्या पाने कंसांनी भरलेली असतात. वाटाघाट म्हणजे एकेक कंस सोडवत जाणे. इंग्रजी मसुद्यात ‘शॅल’ म्हटले की बंधन येते आणि ‘शुड’ म्हटले की अपेक्षा उरते. या दोन शब्दांवर रात्र रात्र बैठका चालतात. प्रसारबंदी कराराच्या सहाव्या कलमात अण्वस्त्रधारी देशांनीही निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी कराव्यात असे आहे. वाटाघाटी करणे पुरेसे, की त्या पूर्णत्वाला नेणेही बंधनकारक? १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्ल्यात दुसरा अर्थ लावला. त्यावरचा वाद आजही चालू आहे आणि विद्यार्थ्यांना तो दोन्ही बाजूंनी लढवावा लागतो.

या परिषदांत बहुधा सर्वसहमतीने निर्णय होतात, म्हणून एक देशही सगळे अडवू शकतो. १९९५ मध्ये कराराला बेमुदत वाढ द्यायची की नाही हा प्रश्न होता. परिषदेचे अध्यक्ष श्रीलंकेचे जयंत धनपाल यांनी मतदान टाळून निर्णयांचा असा संच बांधला की वाढही मंजूर झाली आणि नाराज देशांच्या हातीही काही पडले. २०२२ मध्ये उलट घडले. चार आठवड्यांच्या चर्चेनंतर युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया अणुकेंद्राविषयीच्या मजकुरावरून रशियाने संमती नाकारली आणि अंतिम मसुदा बारगळला. यशाच्या उदाहरणाइतकाच अपयशाच्या उदाहरणाचाही अभ्यास होतो.

उपग्रह आणि सराव-मैदान

गेल्या दोन दशकांत या शिक्षणात एक नवा विषय शिरला, तो म्हणजे उघड्या स्रोतांचा अभ्यास. खासगी कंपन्यांची उपग्रहचित्रे, जहाजांच्या नोंदी, सरकारी वाहिनीवरची दृश्ये आज कोणालाही मिळू शकतात. २०२१ मध्ये मॉन्टेरेच्या संशोधकांनी अशाच चित्रांवरून चीनच्या गान्सू प्रांतात, युमेनजवळच्या वाळवंटात, बांधकाम चालू असलेली क्षेपणास्त्रांची ११९ कोठारे मोजली. पूर्वी हे काम गुप्तचर खात्यांचे होते. विद्यार्थ्यांना आता चित्रातली सावली, रस्त्याचे वळण, खोदलेल्या मातीचा ढीग वाचायला शिकवतात. खात्री नसेल तेव्हा गप्प राहायलाही शिकवतात, कारण चुकीचा निष्कर्ष वर्तमानपत्रात गेला की मागे घेता येत नाही.

अणुचाचण्यांवरच्या बंदीसाठी व्हिएन्नात असलेल्या संस्थेचा सराव तर मैदानावरच होतो. २००८ मध्ये कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्क या जुन्या चाचणीस्थळी आणि २०१४ मध्ये जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ मोठे सराव झाले. एका काल्पनिक देशाने छुपी चाचणी केल्याचा संशय आहे असे धरून निरीक्षकांनी हजार चौरस किलोमीटरच्या टापूत पुरावा शोधायचा असतो. काल्पनिक देशाच्या अधिकाऱ्यांची भूमिका करणारी माणसे त्यांना कायद्यात बसेल तेवढे अडवतात. चाचणी बंदी करार अजून अंमलात आलेला नसल्यामुळे खरी तपासणी करण्याची वेळ अद्याप आलेली नाही. या निरीक्षकांचा अनुभव सरावातूनच येतो.

भारतातली वाट

भारताने प्रसारबंदी करार भेदभाव करणारा म्हणून नाकारला आणि त्यावर सही केलेली नाही. तरी या विद्येची गरज भारताला कमी नाही. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला आणि त्याचे निर्बंध भारताने तीन दशके सोसले. २००५ ते २००८ या काळात भारत-अमेरिका अणुकराराची बोलणी चालली, तेव्हा मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ यांना एका बाजूला बसून काम करावे लागले. कोणत्या अणुभट्ट्या नागरी म्हणून तपासणीखाली द्यायच्या हा कळीचा प्रश्न होता. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी फास्ट ब्रीडर अणुभट्ट्यांचा कार्यक्रम तपासणीबाहेर राहिला पाहिजे अशी जाहीर भूमिका घेतली. मार्च २००६ मध्ये ठरलेल्या आराखड्यात २२ पैकी १४ अणुभट्ट्या नागरी यादीत गेल्या आणि कल्पाक्कमचा फास्ट ब्रीडर बाहेर राहिला. तांत्रिक ज्ञान वाटाघाटीत कसे वजन आणते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

तांत्रिक बाजूचे मनुष्यबळ भारतात मुख्यतः तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रशिक्षण शाळेने घडवले. ती १९५७ पासून चालू आहे. हरियाणात अणुऊर्जा भागीदारीचे जागतिक केंद्र उभारण्यात आले. त्याची घोषणा २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अणुसुरक्षा शिखर परिषदेत झाली होती आणि तिथे अणुसुरक्षेसाठी वेगळा विभाग आहे. परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ पासून परदेशी तरुण मुत्सद्द्यांसाठी निःशस्त्रीकरणावरची वार्षिक फेलोशिप सुरू केली. एकेकाळी भारतीय अधिकारी असे विषय शिकायला बाहेर जात, आता इतर देशांचे अधिकारी त्यासाठी दिल्लीला येऊ लागले आहेत.

शिकवणारे आणि शिकणारे

हे क्षेत्र बराच काळ पुरुषांचे राहिले. २०२० मध्ये आयएईएने मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. अणुविज्ञान आणि प्रसारबंदी या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींना तिच्यातून शिक्षणशुल्क आणि निर्वाहखर्च मिळतो. विकसनशील देशांतल्या तरुण पदवीधरांसाठी तपासणीचे काम शिकवणारा आयएईएचा स्वतंत्र कार्यक्रम १९८३ पासून आहे.

व्यवस्था उभी राहिली तरी तिचा पाया डळमळीतच असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये, मॉन्टेरेचे जेम्स मार्टिन केंद्र ज्या संस्थेत उभे राहिले तिथले निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. देणग्या आणि सरकारी अनुदाने आटली की अशा अभ्यासक्रमांवर लवकर कुऱ्हाड येते.

अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या शस्त्रनियंत्रणात अशी शिकवणी थांबल्याचे नुकसान अधिक ठळक दिसते. १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. त्या करारानुसार रशियातल्या वोत्किन्स्क कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकी निरीक्षक तेरा वर्षे मुक्काम ठोकून होते. पुढच्या न्यू स्टार्ट करारात वर्षाला अठरा तपासण्यांची सोय होती. क्षेपणास्त्राच्या टोकावरचे स्फोटाग्र झाकलेले असे. आकार दिसू न देता संख्या मोजायची आणि जे स्फोटाग्र नाही असे सांगितले जाई ते न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राने पडताळायचे, अशी रीत होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे या तपासण्या थांबल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने कराराची अंमलबजावणी स्थगित केली आणि कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. मार्च २०२० नंतर या कामात आलेल्या कोणाही निरीक्षकाला समोरच्या देशाच्या तळावर, झाकलेल्या स्फोटाग्रासमोर यंत्र घेऊन उभे राहण्याची वेळ आलेली नाही. ते काम त्याला शिकवायचे असेल तर शिकवणारा २०२० पूर्वी तिथे जाऊन आलेला हवा.